सोलापूरहून जर्मनीत: तोंडाच्या कॅन्सरवर पीएच.डी. करायला निघण्याआधी

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात बायोटेक्नॉलॉजीची एम.एस्सी. झाली, आता जर्मनीत हेड अँड नेक कॅन्सरच्या ट्यूमर मायक्रोएन्व्हायर्न्मेंटवर (गाठीतल्या आणि भोवतालच्या इतर पेशी-तंतूंच्या परिसरावर) पीएच.डी. करायची आहे; लॅब कशी निवडू आणि इथून काय शिकून जाऊ?

इम्पॅक्ट फॅक्टर (शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाचा मानांक) नंतर बघा. पहिल्याच मुलाखतीत विचारा: ताजं टिश्यू कोणत्या हॉस्पिटलातून येतं, तोंडातल्या नेमक्या कोणत्या जागेचं, आठवड्याला किती नमुने? आपल्याकडे मावा, तंबाखू, मिश्रीमुळे गालाच्या आतल्या अस्तराचे आणि हिरडीचे ट्यूमर जास्त, आणि ते बहुतेक एचपीव्ही-निगेटिव्ह (ह्यूमन पॅपिलोमा विषाणू नसलेले). तिकडे टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचे ट्यूमरही बरेच येतात, त्यातले पुष्कळ एचपीव्ही-पॉझिटिव्ह. या पॉझिटिव्ह ट्यूमरमध्ये टी आणि बी या रोगप्रतिकारक पेशींची गर्दी साधारण जास्त असते, त्यामुळे दोन्ही गट एकत्र मोजले तर निष्कर्ष फसतो. पी१६ या प्रथिनाचं स्टेनिंग (किमान ७०% पेशींत ठळक) एचपीव्हीची खूण म्हणून घशाच्या ट्यूमरसाठी चालतं. तोंडाच्या ट्यूमरमध्ये त्यावर विसंबू नका, एचपीव्हीची डीएनए किंवा आरएनए चाचणीच हवी.

सुपारीमुळे होणारा सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडाचं अस्तर कडक होत जाणारा आजार) ही तुमची खरी जमेची बाजू. ट्यूमर दिसायच्या आधीच तिथलं कोलॅजन (आधार देणारे तंतू) आणि फायब्रोब्लास्ट (ते तंतू बनवणाऱ्या पेशी) बदललेले असतात, आणि तिकडच्या लॅबमध्ये हा आजार क्वचितच कुणी प्रत्यक्ष पाहिलेला असतो. अर्जात यावर एक परिच्छेद लिहाच. निघण्याआधी वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात रीतसर परवानगी मिळत असेल, तर एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या) स्लाइड वाचायला शिका. ट्यूमर कुठे संपतो आणि स्ट्रोमा (भोवतालची आधार देणारी ऊती) कुठे सुरू होतो हे डोळ्यांना कळलं नाही, तर पुढचं मल्टिप्लेक्स स्टेनिंग (एकाच स्लाइडवर अनेक मार्कर रंगवणं) नुसतं रंगीत चित्र राहतं.

बेंचवर सगळ्यात जास्त नमुने टिश्यू विरघळवताना वाया जातात. तोंडाचा तुकडा जंतूंनी भरलेला असतो, म्हणून आधी पेनिसिलीन-स्ट्रेप्टोमायसिन आणि ॲम्फोटेरिसिन-बी घातलेल्या थंड पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) तीन-चारदा धुवा. ॲम्फोटेरिसिन विसरलात तर दोन-तीन दिवसांत फ्लास्कात बुरशी. मग १-२ मिलिमीटरचे तुकडे करून कोलॅजिनेज (कोलॅजन तोडणारं एन्झाइम) आणि डीएनेजमध्ये (डीएनए तोडणारं एन्झाइम) ३७ अंशांवर ३० ते ६० मिनिटं हलवत ठेवा. या टप्प्यावर ईडीटीए अजिबात नको: कोलॅजिनेजला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए तेच पकडून ठेवतं. डीएनेज कमी पडलं तर मेलेल्या पेशींच्या डीएनएने सगळं शेंबडासारखं चिकट होतं आणि ७० मायक्रॉनची गाळणी तुंबते. घाई म्हणून प्रथिनं कापणारं ट्रिप्सिन वापरू नका, पेशींवरचे मार्कर कापले जातात आणि फ्लो सायटोमेट्रीत (मार्करवरून पेशी मोजण्याच्या तंत्रात) टी पेशी नाहीतच असं वाटतं. न्यूट्रोफिल मोजायचे असतील तर त्याच दिवशी मोजा. गोठवून वितळवल्यावर ते जवळपास उरत नाहीत.

कल्चरमध्ये फायब्रोब्लास्ट कॅन्सर पेशींना मागे टाकतात. थोडा वेळ ट्रिप्सिन दिलं की फायब्रोब्लास्ट आधी सुटतात, ते वेगळे काढा. कडक प्लास्टिकवर ते आपोआप अल्फा-एसएमए हा मार्कर दाखवू लागतात, म्हणून एकाच मार्करवर ‘सीएएफ’ (कॅन्सरशी जोडलेला फायब्रोब्लास्ट) ठरवू नका. एफएपी आणि पीडीजीएफआर-बीटा हे मार्करही बघा, केराटिन (अस्तराच्या पेशींची खूण) नाही याची खात्री करा आणि सुरुवातीच्या पॅसेजमध्येच (पेशी नव्या फ्लास्कात हलवण्याच्या पहिल्या फेऱ्यांतच) प्रयोग उरका.

लशींचं आजच सुरू करा. मानवी टिश्यू हाताळायचं तर हिपॅटायटिस-बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर ४ ते ८ आठवड्यांनी अँटी-एचबीएस (लशीने तयार झालेल्या प्रतिपिंडांची) तपासणी. जर्मनीत १०० युनिट प्रतिलिटर किंवा जास्त अपेक्षित असतं. हॉस्पिटलच्या आवारात काम असेल तर गोवराच्या दोन डोसांचा पुरावाही मागतात. शाळेचं लसीकरण कार्ड आईला आत्ताच शोधायला सांगा.

पगार बहुधा टीव्ही-एल ई-१३ या जर्मन सरकारी वेतनश्रेणीच्या ६५ टक्के असतो, काम मात्र पूर्णवेळ. करार किती वर्षांचा आणि वाढतो का, हे लेखी घ्या. तुमची पदवी आणि विद्यापीठ ‘अनाबिन’ यादीत (परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत) बघून ठेवा. स्टडी व्हिसावर जाणार असाल तर एपीएस प्रमाणपत्राचा (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याच्या दाखल्याचा) अर्ज लवकर टाका.

आणि इथल्या स्लाइड किंवा पॅराफिन ब्लॉक ‘सोबत असू द्या’ म्हणून बॅगेत टाकू नका. ते नमुने रुग्णांचे असतात. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि दोन्ही संस्थांमधला लेखी करार झाला तरच ते जातात, तेही कुरिअरने.