ईमेल यादीतले निष्क्रिय वाचक काढायचे कसे? (ऑनलाइन पुस्तकविक्रीच्या यादीबद्दल)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक ऑनलाइन विकता, यादीत १८,००० पत्ते आहेत, महिन्याला दोन मेल जातात, ओपन रेट (मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण) १५ टक्क्यांवर घसरलाय. आता कुणीतरी सांगितलंय, 'सहा महिन्यांत ज्यांनी मेल उघडला नाही ते सगळे उडवा.' उडवू का?

साफसफाई करा, पण या नियमाने नको. यात 'उघडला नाही' हेही चुकीचं आहे आणि 'सहा महिने' हेही.

आधी उघडण्याचं बघू. मेलमध्ये एक न दिसणारं चित्र असतं, ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की 'उघडला' अशी नोंद होते. सप्टेंबर २०२१मध्ये आयओएस १५बरोबर ॲपलने मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असेल तर ॲपलचे सर्व्हरच ही चित्रं परस्पर उतरवून घेतात, माणसाने मेल पाहिलेला असो वा नसो. त्यामुळे आयफोनवाला न फिरकणारा ग्राहकही तुमच्या रिपोर्टमध्ये नियमित वाचक म्हणून दिसतो.

उलटंही होतं. मेलचा एचटीएमएल (मजकूर आणि मांडणीचा कोड) साधारण १०२ केबीच्या पुढे गेला की जीमेल तो कापतं आणि तळाशी पूर्ण संदेश पाहण्याची लिंक देतं. मेल पाठवून देणाऱ्या बऱ्याच सेवा ते न दिसणारं चित्र अगदी शेवटी लावतात, म्हणजे नेमकं तेच कापलं जातं. वाचणाऱ्याने निम्मा मेल वाचलेला असतो, नोंद मात्र शून्य. मराठी मेलला हा फटका लवकर बसतो, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. 'पुस्तक' या शब्दाचे १८ बाइट होतात. पंचवीस अंकांची माहिती, प्रत्येकाखाली बटण, त्यात टेम्प्लेटचा स्वतःचा पसारा, एवढ्यात मर्यादा ओलांडली जाते. तेव्हा कुणालाही काढण्याआधी गेले चार मेल स्वतःच्या जीमेलवर उघडून तळापर्यंत जा. कापलेले दिसले तर आधी मेल छोटे करा, दोन महिने थांबा आणि मग आकडे बघा.

भरवसा ठेवायचा तो क्लिक, ऑर्डर आणि उत्तरावर. क्लिकमध्येही एक गोम आहे. कंपन्यांच्या पत्त्यांवर सुरक्षा यंत्रणा मेल पोचल्याबरोबर त्यातल्या सगळ्या लिंक तपासून पाहते. पोचल्यापासून काही सेकंदांत एकाच पत्त्यावरून सगळ्या लिंकवर क्लिक झाले असतील तर ते माणसाचं काम नाही, ते मोजू नका.

आता मुदत. तुमच्याकडे फक्त दिवाळीला येणारं गिऱ्हाईक बरंच असणार. त्याला सहा महिन्यांचा नियम लावला तर एप्रिल-मेमध्येच त्याचं नाव गेलं. बारा महिनेही पुरत नाहीत: २०२५ची दिवाळी ऑक्टोबरात होती, २०२६ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती नोव्हेंबरात जाते. गेल्या वेळी ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंक मागवणारा माणूस यंदा मागवायच्या आतच 'वर्षभर निष्क्रिय' ठरेल. मी अशा दुकानाला १४ महिने धरेन. सेगमेंटच्या (यादीतून वेगळ्या काढायच्या गटाच्या) अटी अशा लावा: यादीत येऊन ९० दिवस उलटलेत, आजवर किमान दहा मेल खरोखर पोचलेत, आणि १४ महिन्यांत क्लिक नाही, ऑर्डर नाही, उत्तर नाही. ऑर्डरची माहिती दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून मेलच्या सेवेत येते का, हे आधी तपासा. ती येत नसेल तर तुमचं सर्वात चांगलं गिऱ्हाईक, जे मेल न उघडता थेट साइटवर येतं, तेच पहिल्या झटक्यात कापलं जाईल.

या सेगमेंटला हात लावण्याआधी मेलेले पत्ते वेगळे काढा. मेल न पोचता परत आला (बाउन्स झाला) की त्यात कारणाचा कोड असतो. ५५० ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही, तो लगेच बंद. ४५२ ४.२.२ म्हणजे पेटी भरलेली आहे. लागोपाठ चार मेलना तेच आलं तर बंद. पण ५५०ने सुरू होणारा प्रत्येक बाउन्स म्हणजे पत्ता मेला असं नव्हे. एका दिवशी जीमेलचे पत्ते थव्याने ५५० ५.७.२६ देऊ लागले तर दोष तुमच्या एसपीएफ-डीकेआयएमच्या (मेल खरंच तुमच्याकडून आलाय हे सिद्ध करणाऱ्या) नोंदींचा आहे, वाचकांचा नाही. अशा वेळी काही सेवा ते सगळे पत्ते आपोआप 'हार्ड बाउन्स' म्हणून कायमचे बाद करतात. बाउन्सचा मजकूर डोळ्यांनी वाचायला दहा मिनिटं लागतात, ती घालवा.

gamil, gmial अशा टायपो असलेल्या पत्त्यांना सरळ काढा. स्वतःहून दुरुस्त करू नका, दुरुस्त केलेला पत्ता भलत्याचाच निघू शकतो. पत्ते तपासून देणाऱ्या सेवा विकत मिळतात, त्या पेटी आहे की नाही एवढंच सांगतात. माणसाला तुमचा मेल हवाय का, हे त्यांना कळत नाही, आणि स्पॅम ट्रॅपही (स्पॅम पाठवणारे पकडायला ठेवलेले सापळ्याचे पत्ते) सगळे सापडत नाहीत.

उरलेल्यांतून दोन वर्षांहून जास्त काळ गप्प असलेल्यांना 'अजून आहात का?' असा मेलसुद्धा पाठवू नका. डिसेंबर २०२३पासून गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू लागलंय, म्हणजे त्यात बाउन्स भरपूर निघणार. शिवाय बंद पडलेले काही पत्ते आणि डोमेन पुढे स्पॅम ट्रॅप म्हणून वापरले जातात. इथे मिळण्यासारखं फार थोडं आहे आणि धोका मोठा.

१४ ते २४ महिन्यांवाल्यांना मात्र विचारा. तीन आठवड्यांत दोन मेल, साधा मजकूर, एकच बटण. विषय सरळ लिहा: 'नव्या पुस्तकांची माहिती पाठवत राहू का?' सवलतीचं कूपन देऊ नका. कूपनसाठी जागा झालेला माणूस कूपन वापरून पुन्हा झोपतो आणि तुमचा आकडा वर्षभर फसवा ठेवतो. बटण दाबल्यावर एक पान उघडू द्या आणि 'हो' तिथे पुन्हा दाबायला लावा, म्हणजे यंत्राचे क्लिक गळतात. लॉगिन मागू नका.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पाठवण्यात. समजा असे ४,००० पत्ते निघाले. ते एका सकाळी पाठवले तर बाउन्स आणि तक्रारी एकदम येतात, आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या जागत्या वाचकांचेही मेल स्पॅममध्ये पडू लागतात. रोज ३००-४०० पाठवा, सर्वात अलीकडे गप्प झालेल्यांपासून सुरुवात करा. एखाद्या दिवशी बाउन्स २ टक्क्यांच्या वर गेले तर थांबा. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलची अपेक्षा अशी आहे की स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत राहाव्यात आणि ०.३ टक्क्याला कधीच पोचू नयेत. हा आकडा गूगल पोस्टमास्टर टूल्स या मेल पाठवणाऱ्यांसाठीच्या साधनात दिसतो. तो शून्य दिसला म्हणून खूश होऊ नका. तो फक्त इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलवर काढतात. सगळं आधीच स्पॅममध्ये जात असेल तर तक्रार करणार कोण?

दोन्ही मेलना उत्तर नाही आलं तर पत्ता डिलीट करू नका, सप्रेशन लिस्टमध्ये (ज्यांना मेल पाठवायचा नाही त्यांच्या यादीत) टाका. डिलीट केलेला पत्ता जुन्या एक्सेलमधून किंवा दुकानाच्या सिंकमधून पुन्हा यादीत येतो, आणि मग एकदा 'नको' म्हणालेल्यालाही मेल जातो. पैसे वाचवायचे असतील तर तुमची सेवा कोणाकोणाला मोजते ते पाहा. मेलचिंपमध्ये अनसबस्क्राइब झालेलेही बिलात धरले जातात, आर्काइव्ह केलेले नाहीत. ऑर्डरची पावती आणि कुरियरचा मेल मात्र सप्रेस केलेल्यालाही गेला पाहिजे. हे मेल आणि प्रचाराचे मेल एकाच यादीवरून जात असतील तर आधी वेगळे करा.

नंतर ओपन रेट चढेल, तो मिरवू नका. १८,०००पैकी २,७०० म्हणजे १५ टक्के. कधीच न उघडणारे ६,००० काढले की तेच २,७०० लोक २२.५ टक्के होतात. वाचक एकही वाढलेला नसतो. खरा फरक दर मेलमागे येणाऱ्या एकूण क्लिक आणि ऑर्डरमध्ये दिसला पाहिजे. तो दोन-तीन महिन्यांत दिसला नाही तर अडचण यादीत नाही, मेलमध्ये आहे.

हे सगळं ऑगस्टच्या आत उरका. गणपतीनंतर दिवाळी अंकांच्या नोंदणीचे मेल सुरू होतात, त्या दिवसांत यादीला हात लावू नका.