फळभाजीतला कांदा आणि पालेभाजीतला मुळा

प्रश्न असा आहे : 'पुण्याच्या वर्तमानपत्रांत बाजारभाव छापून येतात. त्यात फळभाज्या या मथळ्याखाली वांगी, भेंडी, दोडक्याबरोबर कांदा, बटाटा, लसूण, आलं, गाजर, फ्लॉवरही असतात. यांतलं फळ कोणतं? हा शब्द चुकीचा रूढ झालाय का? आणि तरकारी, माळवं, भाजीपाला हे सगळं एकच का?'

हा मथळा मलाही बरीच वर्षं खटकत होता. बटाटा म्हणजे जमिनीत वाढलेलं खोड, गाजर म्हणजे मूळ, फ्लॉवर म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा गड्डा. यांना फळ म्हणायचं तरी कसं? मग एकदा त्याच यादीत भावाशेजारी काय लिहिलंय तिकडे लक्ष गेलं आणि उलगडा झाला. फळभाज्यांचे भाव असतात 'दहा किलोचे' आणि पालेभाज्यांचे 'शेकडा जुडीचे'. आता पालेभाज्यांची यादी वाचून बघा : कोथिंबीर, मेथी, शेपू, कांदापात, चाकवत, करडई, पुदिना, अंबाडी, मुळे, राजगिरा, चुका, चवळई, पालक.

मुळे! ज्याच्या नावातच मूळ आहे तो मुळा पालेभाजीत आणि त्याच्यासारखंच मूळ असलेलं गाजर फळभाजीत. कारण मुळा बाजारात येतो तो पाल्यासकट, जुडी बांधून. गाजर येतं पाला खुडून, पोत्यात भरून, आणि तोलून विकलं जातं. कांद्याचंही तेच. कोवळा असताना पातीसकट उपटला तर जुडीत, म्हणून पालेभाजी. जून होऊन पात वाळल्यावर काढला तर काट्यावर, म्हणून पहिल्या यादीत. एकाच वाफ्यातलं एकच रोप, पण महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने त्याची यादी बदलते. (चवळी पहिल्या यादीत आणि चवळई दुसऱ्या यादीत असते, ते मात्र छापखान्याचा घोळ समजू नका. चवळी ही शेंग आणि चवळई ही पालेभाजी.)

तेव्हा बाजाराच्या बोलीत पालेभाजी म्हणजे जुडीने मोजायची भाजी आणि फळभाजी म्हणजे तोलायची भाजी. वनस्पतीचा कोणता भाग खातो, हा प्रश्न बाजाराने स्वतःला विचारलेलाच नाही. त्याला हिशोब करायचा असतो आणि माल खराब व्हायच्या आत हलवायचा असतो. कोणत्याही आठवडे बाजारात दुपारी चारनंतर जाऊन बघा. मेथीवाल्या मावशी गोणपाटावर सारखं पाणी शिंपडत असतात आणि दर तासाला जुडीचा भाव खाली आणत असतात. शेजारचा भोपळेवाला निवांत असतो, त्याचा भोपळा पुढच्या बाजारालाही चालणार असतो. कांदा तर चाळीत, म्हणजे हवेशीर कोठारात, महिनोन् महिने राहतो. पुण्याच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा विभागच वेगळा आहे, तो उगीच नाही.

आता अवयवांवरून केलेली विभागणी. ही आपल्याकडे चांगली जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात शाकाचे सहा प्रकार सांगितले आहेत :

पत्रं पुष्पं फलं नालं कन्दं संस्वेदजं तथा।
शाकं षड्विधमुद्दिष्टं गुरु विद्याद्यथोत्तरम्॥

पान, फूल, फळ, देठ, कंद आणि संस्वेदज, म्हणजे अळंबीसारखं ओलाव्यात उगवणारं. दुसऱ्या ओळीत तर पुढचा प्रत्येक प्रकार आधीच्यापेक्षा पचायला जड, असंही सांगून टाकलंय. मला हा श्लोक फार आवडतो, कारण नुसते कप्पे पाडून तो थांबत नाही, ताटात काय वाढायचं तेही सांगतो. यातला 'नाल' हा कप्पा आज पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतो, पण स्वयंपाकघराने तो सोडलेला नाही. अळूच्या देठांची 'देठी' आपण करतोच. फुलांच्या कप्प्यात हादगा आहे, केळफूल आहे. अमरकोशातही 'शाकाख्यं पत्रपुष्पादि', म्हणजे पान-फूल वगैरेंना शाक म्हणतात, असं म्हटलंय आणि लगेच पुढचा शब्द 'तण्डुलीय' आहे. तोच आपला तांदुळजा.

या हिशोबाने शेवग्याला कुठे बसवायचं? शेंगा आमटीत, फुलांची भाजी, पाल्याची भाजी. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी करतात, सोबत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबार. एकच झाड तीन कप्प्यांत जातं. म्हणून 'शेवगा ही कोणती भाजी?' असं विचारू नये, 'शेवग्याचं काय आणलंय?' असं विचारावं.

शेतकऱ्याचा हिशोब तिसराच. त्याला कूळ महत्त्वाचं. वांगी, टोमॅटो, मिरची आणि बटाटा एका कुळातले, आणि मर रोगासारखे काही रोगही त्यांचे सामाईक. म्हणून टोमॅटो काढल्यावर त्याच रानात वांगी लावू नयेत, शेंगवर्गीय पीक घ्यावं, असा सल्ला देतात. इथे फळभाजी की कंद हा भेद निरुपयोगी ठरतो. बटाटा कंद आणि वांगं फळ असलं तरी मातीच्या दृष्टीने दोघं भाऊच. याउलट कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल तर एकाच जातीच्या वनस्पतीची रूपं आहेत. एकात पानांचा गड्डा वाढवला, दुसऱ्यात फुलोरा, तिसऱ्यात खोड. आपला देशी पालकही बीटच्याच जातीतला. पानांसाठी वाढवला तर पालक, मुळासाठी वाढवलं तर बीट. आणि भेंडीचं पिवळं फूल जवळून पाहिलंत तर ते कपाशीच्या आणि अंबाडीच्या फुलाची आठवण देतं. तिघांचं कूळ एकच आहे.

घरातल्या बायकांनीही एक वर्गीकरण सांभाळलंय, त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. ऋषिपंचमीची भाजी. तिच्यात बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही. नांगर न लावता परसात, कुंपणावर, हाताने लावून जे आलं तेच घ्यायचं : अळू, माठ, पडवळ, काकडी, सुरण. इथे पान, फळ, कंद सगळे एका पातेल्यात. निकष एकच, पिकवताना कुणाला जुंपलं का? भाज्यांच्या इतक्या विभागण्या वाचल्या, पण जनावराच्या श्रमावरून केलेली मला हीच ठाऊक आहे.

आता शब्द चूक की बरोबर? बाजारातला वापर मी चूक म्हणणार नाही. मराठीत 'फळ' तसंही सैलपणे वापरतात. आमटीत कणकेचे तुकडे सोडले की त्यांना आपण वरणफळं म्हणतो, तिथे झाडाचा संबंध नाही. पण शाळेच्या वहीत, पाककृतीत किंवा शेतीवरच्या लेखात अर्थ नेमका हवा. तिथे फळभाजी म्हणजे वांगं, भेंडी, टोमॅटो, दुधी, कारलं, एवढंच ठेवावं. गवार-घेवड्याला शेंगभाजी म्हणावं, सुरण-आर्वीला कंद, गाजर-बिटाला मुळं. आणि पालेभाजी सोडून उरलेल्या बहुतेक भाज्यांना मिळून एक शब्द हवा असेल तर तो आपल्याकडे आहेच : तरकारी.

तरकारी फारसीतून आला. एरवी तो सगळ्याच भाज्यांना लावतात, पण यार्डात 'तरकारी विभाग' म्हटलं की पालेभाज्या आणि कांदा-बटाटा वगळून उरलेला माल समजतात. बाजारभावाच्या मथळ्यात फळभाज्या छापण्याऐवजी तरकारी छापली, तर तुमचा आक्षेप बऱ्याच अंशी मिटेल. कुणी संपादक हे वाचत असतील तर त्यांनी मनावर घ्यावं.

भाजीपाला हा सर्वांत मोठा शब्द. त्यात सगळं येतं आणि सरकारी कागदापासून हातगाडीपर्यंत तो चालतो. एक खोच मात्र आहे. 'भाजी' कच्चीही असते आणि शिजवलेलीही, 'भाजीपाला' नेहमी कच्चाच. ताटात कुणी भाजीपाला वाढत नाही.

आणि माळवं. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडचा हा शब्द. अर्थ भाजीपाल्याचाच, पण त्याला रानाचा, मळ्याचा वास आहे. विहिरीच्या पाण्यावर दोन सरींत माळवं केलंय, असं शेतकरी म्हणतो. 'भाजीपाला केलाय' हेही म्हणता येतं, पण त्यात मेथीच्या वाफ्याकडेचा मिरचीचा तास (ओळ) आणि बांधावरचा दोडक्याचा वेल दिसत नाही. तिकडे जुडीलाही पेंडी म्हणतात. कोल्हापूरच्या बाजारात मेथीची जुडी मागितलीत तर मिळेल, पण 'एक पेंडी द्या मावशी' म्हणून बघा.