न्यूयॉर्कमधील कॅरिबियन स्थलांतरित स्वतःला जमैकन, हैतियन मानतात की कृष्णवर्णीय अमेरिकन? त्याचा त्यांच्या मतदानावर परिणाम होतो का?

ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागात मी १९९४ पासून राहते, आणि माझ्या पाहण्यात या दोन्ही ओळखी एकाच घरात सुखाने नांदतात; कोणती पुढे येईल हे प्रसंगावर ठरते.

माझ्या शेजारच्या जमैकन आजींच्या दारामागे कायम एक निळे पिंप उभे असे. तांदूळ, तेल, साबण, नातवंडांचे शाळेचे बूट असे थोडेथोडे भरत ते तुडुंब झाले की जहाजाने किंग्स्टनला रवाना होई. म्हातारपणी तिकडेच जाऊन राहायचे ठरलेले असल्यामुळे त्यांनी अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज वर्षानुवर्षे केला नाही, आणि नागरिकत्व नाही म्हणजे मतही नाही. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने दार उघडल्यानंतर आलेल्या पिढीत अशी घरे पुष्कळ होती, आणि स्थानिक डेमोक्रॅटिक पक्षयंत्रणेनेही त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही, असे मला वाटते.

ऑगस्ट १९९७ मध्ये ब्रुकलिनच्याच एका पोलीस ठाण्यात अब्नेर लुईमा या हैतियन स्थलांतरितावर अमानुष अत्याचार झाले. महिनाअखेरीस हजारो लोक ब्रुकलिन पूल ओलांडून सिटी हॉलवर गेले. त्यांत हैतियनांच्या बरोबरीने इतर बेटांवरचे लोक आणि आफ्रिकन-अमेरिकनही होते. "माझ्या नातवाला रस्त्यात अडवणारा पोलीस तो कुठल्या बेटावरचा हे विचारणार नाही," असे म्हणून आजींनी त्या हिवाळ्यात अर्ज भरला. (१९९६ च्या कायद्याने नागरिक नसलेल्यांच्या सरकारी मदतीला कात्री लावली होती, हेही एक कारण होते.)

उमेदवारीचा प्रश्न आला की मात्र बेटाची ओळख वर येते. १९९१ मध्ये सिटी कौन्सिलच्या, म्हणजे शहराच्या विधिमंडळाच्या, जागा ३५ वरून ५१ झाल्या, तेव्हा जमैकात जन्मलेल्या ऊना क्लार्क इथून निवडून आल्या. २००० मध्ये त्यांनी काँग्रेसमधील, म्हणजे अमेरिकन संसदेतील, ज्येष्ठ आफ्रिकन-अमेरिकन सदस्य मेजर ओवेन्स यांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या पक्षांतर्गत निवडणुकीत आव्हान दिले, आणि ती लढत दोन्ही समाजांना फार बोचली. क्लार्क हरल्या; २००६ मध्ये त्यांची कन्या इव्हेट काँग्रेसच्या त्याच जागेवर जिंकल्या.

आजींनी २००० च्या सप्टेंबरमध्ये क्लार्कबाईंना मत दिले, कारण त्या "आपल्या" होत्या. नोव्हेंबरमध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, वरच्या मजल्यावरच्या, मूळच्या अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीय कुटुंबाबरोबर एकाच रांगेत उभ्या राहून त्या सर्वांनी डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांना मत दिले.