ओल्या कचऱ्याच्या पिशव्या

प्रश्न : सोसायटीत खतासाठी ओला कचरा गोळा करतो, पण लोक पिशवीला गाठ मारून देतात. ड्रमला फार वास येतो. काय करावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी पिशवीतून कचरा घेणंच बंद करा. गाठ मारली की हवा कोंडते आणि वास सुटतो. घरात झाकणाचा डबा, तळाशी वर्तमानपत्र. रोज सकाळी थेट ड्रममध्ये उपडा करायचा. ‘कंपोस्टेबल’ पिशव्यांचाही मोह नको, त्यातल्या बऱ्याच पिशव्या मोठ्या खतप्रकल्पातल्या उष्णतेतच कुजतात. आमटी-रस्सा निथळून टाका. ड्रममध्ये दरवेळी वाळक्या पाल्याचा थर हवाच, आमच्याकडे तो माळीमामा देतात (समितीपेक्षा त्यांना जास्त कळतं!). करवंट्या, कोयी वेगळ्या ठेवा, त्या कुजायला फार वेळ घेतात. डायपर ओल्यात टाकणाऱ्यांना मात्र दारात जाऊन सांगा, नोटीस कुणी वाचत नाही.