डोंगरदऱ्यांत अचानक येणारे पूर

प्रश्न : महाबळेश्वरला पावसाळ्यात एका दिवसात 300-400 मिलिमीटर पाऊस पडला, तरी सहसा गावे वाहून जात नाहीत. मग हिमालयात तास-दोन तासांच्या पावसाने वस्त्याच्या वस्त्या कशा नाहीशा होतात? केदारनाथला जाण्याचा विचार आहे, म्हणून विचारतो.
– एक वाचक, वाई

उत्तर : पाऊस किती पडला याइतकेच तो किती वेळात आणि कसल्या जमिनीवर पडला, हे महत्त्वाचे असते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवसभरात विभागून. सुमारे 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या टापूत तासाभरात 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडला, तर हवामान विभाग त्याला ढगफुटी म्हणतो. एवढा पाऊस 20 चौरस किलोमीटरवर पडला तर 200 कोटी लिटर पाणी होते आणि उभ्या उतारांवरून ते एकाच अरुंद ओढ्यात उतरते.

दुसरे कारण जमिनीचे. सह्याद्रीचा कातळ बराचसा घट्ट आहे. हिमालयात मात्र हिमनद्यांनी मागे ठेवलेले दगडगोट्यांचे, वाळूमातीचे सैल ढीग दऱ्यांच्या माथ्याशी असतात. पाणी ते सारे उचलते, आणि मग खाली येतो तो घरांएवढे धोंडे वाहून आणणारा चिखलाचा लोंढा. केदारनाथची 2013 ची आपत्ती मात्र तासाभराच्या ढगफुटीची नव्हती. त्या जूनमध्ये लवकर पोहोचलेला मान्सून आणि पश्चिमेकडून आलेली हवामान प्रणाली एकत्र आल्याने सलग मुसळधार पाऊस झाला आणि त्यात वितळत्या बर्फाचे पाणी मिसळले. 16 जूनच्या संध्याकाळी पहिला लोंढा आला. 17 जूनच्या सकाळी मंदिराच्या वरच्या अंगाला असलेल्या चोराबारी तलावाचा हिमोढाचा (हिमनदीने साठवलेल्या दगडमातीचा) बांध फुटला. खाली मंदाकिनी नदीकाठची रामबाडा ही वस्ती जवळजवळ पुसली गेली. मंदिरामागे येऊन थांबलेला प्रचंड धोंडा आजही तिथे आहे.

आणखी एक गोष्ट यात्रेकरूने जरूर ध्यानात घ्यावी : आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी पूर येऊ शकतो. ऑगस्ट 2010 मध्ये लेहमध्ये आलेल्या लोंढ्यांनी दोनशेहून अधिक माणसे दगावली, पण तिथल्या विमानतळावरच्या पर्जन्यमापकात जेमतेम 13 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मोठा पाऊस आसपासच्या डोंगरांवर, मापक नसलेल्या ठिकाणी झाला होता.

अर्थात आपला सह्याद्रीही सुरक्षित आहे असे कृपया मानू नये. कातळावरची माती दिवसेंदिवसच्या पावसाने भिजून जड होते आणि सुटते. 2014 मध्ये माळीण आणि 2021 मध्ये तळिये याच प्रकारे गाडले गेले.

केदारनाथला शक्यतो मे-जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबरअखेरीनंतरचा काळ निवडावा. निघण्यापूर्वी हवामान विभागाचा जिल्हावार इशारा पाहावा आणि लाल इशारा असेल तर मुक्काम हलवू नये. ओढ्याच्या तोंडाशी किंवा नदीपात्रालगत बांधलेल्या हॉटेलात, ते कितीही सोयीचे वाटले तरी, रात्र काढू नये. नदीचे पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यातून लाकडे वाहू लागली, दगड घरंगळल्यासारखा आवाज आला, किंवा भर पावसात पाणी अचानक ओसरले (वर कुठेतरी दरड कोसळून पाणी अडले असण्याची शक्यता असते), तर सामान आवरण्यात वेळ घालवू नये. नदीच्या दिशेने खाली न पळता प्रवाहापासून बाजूला, चढावर जावे.