व्होलला ‘छोटा ससा’ म्हणणाऱ्यांसाठी

प्रश्न असा आलाय की इंग्रजी गोष्टीत ‘हेअर’ आणि ‘व्होल’ (उंदरासारखा एक बारका प्राणी) दोन्ही आहेत, तर मराठीत आणताना हेअरला ससा आणि व्होलला ‘छोटा ससा’ लिहिलं तर चालेल का. अजिबात नाही. ससा उंदराच्याच जातीतला असं ठासून सांगणारे आमच्या कोल्हापुरात गल्लोगल्ली आहेत, ऐकून कान किटले. सशाच्या वरच्या पुढच्या दातांच्या मागं आणखी दोन बारके दात दडलेले असतात, ते ना उंदराला असतात ना व्होलला. व्होल मात्र उंदराचाच भाऊबंद, बोथट नाक, केसांत बुडालेले कान, आखूड शेपूट, आणि पिल्लं जन्मतात उघडीनागडी, डोळे मिटलेली. हेअर सशाची पिल्लं उघड्या गवतातच जन्मतात, अंगावर केस, डोळे टक्क उघडे.

आता खरी मजा. ससा आला ‘शश’वरनं, शशांकातला तोच, हे शाळेतलं पोरगंबी सांगंल. पण शश कुठनं आला? संस्कृतवाले लगेच धातुपाठ, म्हणजे क्रियापदांच्या मुळांची (धातूंची) यादी, काढतात, ‘शश प्लुतगतौ’, उड्या मारतो म्हणून शश. अहो, जनावर आधी का धातू आधी? जर्मन ‘हाझं’, इंग्रजी ‘हेअर’ आणि आपला शश एकाच मुळाचे, आणि त्या मुळाचा अर्थ करडा! मूळ रूपात दुसरा ‘स’च होता, संस्कृतनं शेजारच्या ‘श’ची नक्कल करून त्याचाबी ‘श’ केला, प्राकृतानं सगळेच ‘स’ करून टाकले, म्हणजे तेवढ्यापुरता आपला ससा शशापेक्षा मुळाच्या जवळ पोचला की राव. बाल्टिक समुद्राकाठच्या, आता मेलेल्या जुन्या प्रशियन भाषेत सशाला ‘ससिन्स’ म्हणायचे, बोला आता. माझं मत विचाराल तर शिकारीला जाताना खरं नाव घेतलं की सावज हातचं जातं या भीतीनं ‘करडा’ म्हणायची पद्धत पडली असणार, आपण नाही का रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणत? पंडितांना पटत नसेल तर त्यांनी बसावं उड्या मोजत.

हां, व्होल राहिलाच. तो शब्द ऑर्कनी बेटांकडचा, नॉर्वेजियन ‘व्होल’ म्हणजे कुरण, मूळ नाव ‘व्होल-माउस’, पुढं उंदीर गळला नि नुसतं कुरण उरलं. ‘घूस’ लिहू नका, उसाच्या बांधाला भोकं पाडणारी घूस कुठं आणि हे तीसेक ग्रॅमचं कुठं. सरळ ‘गवत्या उंदीर’ लिहा.