मिसिसिपी जॉन हर्टसारखं फिंगरपिकिंग शिकताना अंगठा का घसरतो?

गिटारवर सी, एफ, जी कॉर्ड येतात, पण बारीक तारांवर चाल आली की अंगठा थांबतो किंवा बोटांमागे फरपटत जातो, असं तुम्ही लिहिलंय. मिसिसिपीचा ब्लूज गायक-गिटारवादक हर्ट फिंगरपिकिंग करायचा, म्हणजे तारा बोटांनी छेडायचा: अंगठा जाड तारांवर बास, बोटं बारीक तारांवर चाल. त्याच्या वादनात सगळा डोलारा अंगठ्यावर आहे. डग्ग्याचा ठेका समजा. तेव्हा काही दिवस चाल बाजूला ठेवा.

सी कॉर्ड धरा आणि उजव्या अंगठ्याने पाचवी-चौथी-पाचवी-चौथी तार वाजवा, दर मात्रेला एक (सर्वात जाड ती सहावी). जी कॉर्डला सहावी-चौथी. एफसाठी बॅरे (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबणं) नको. डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या मानेवरून आणून सहावीचा पहिला फ्रेट दाबा आणि इथेही सहावी-चौथी. मेट्रोनोम मिनिटाला ६० मात्रांवर. वाजवता वाजवता घरच्यांशी बोलता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग उजव्या हाताची बोटं आणा. तर्जनी दुसऱ्या तारेवर, मधलं बोट पहिल्या. पहिल्या मात्रेला अंगठा आणि मधलं बोट एकदम. दुसरीला नुसता अंगठा, तिच्या अर्ध्यावर तर्जनी. तिसरीला अंगठा, तिच्या अर्ध्यावर मधलं बोट. चौथीला अंगठा.

बिघडतं ते बहुतेक दुसरी आणि तिसरी मात्रा यांच्या मध्ये. तर्जनी उशिरा पडते आणि तिसऱ्या मात्रेच्या अंगठ्याला चिकटते. ‘एक-आणि-दोन-आणि’ असं मोठ्याने मोजा आणि दुसरी-तिसरी मात्रा एवढाच तुकडा घोटा. पूर्ण आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवून हा दोष जात नाही, उलट पक्का होतो. कधीकधी अंगठा निर्दोष असतो: सी कॉर्डमध्ये डावी अनामिका आडवी पडून चौथ्या तारेला टेकते आणि ती तार मुकी होते. बोट टोकावर उभं करा. उजवा हात उड्या मारत असेल तर अनामिका आणि करंगळी गिटारच्या पाटावर हलकी टेकवा. हर्ट तसंच करायचा. बास घुमत असेल तर उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ (तारा जिथे पाटाला बांधलेल्या असतात) जाड तारांवर जेमतेम लावा, दाबू नका.

हा पॅटर्न नुसता व्यायाम आहे. हर्ट गातो ती चाल बोटं वाजवतात, त्यामुळे प्रत्येक ओळीत बोटांची जागा बदलते, बदलत नाही तो अंगठा. सी धरूनच करंगळीने पहिल्या किंवा दुसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट घेतलात की चालीचे बरेच सूर हाती येतात. पहिलं गाणं ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ घ्या. ते जवळजवळ सगळं जी कॉर्डवर चालतं, डाव्या हाताला फार काम नाही. नंतर सीमधलं ‘माय क्रिओल बेल’.

हर्टचं वादन डेल्टा ब्लूजच (मिसिसिपीतल्या सपाट डेल्टा प्रदेशातली ब्लूजची शैली) का, असंही विचारलंय. सहसा त्या खान्यात टाकतात, मला ते पटत नाही. ॲव्हलॉन हे त्याचं गाव डेल्टाच्या काठावर, टेकड्या सुरू होतात तिथे आहे. शेतात राबून गावच्या नाचगाण्यांत वाजवणारा हा माणूस बहुतांशी स्वतःच शिकलेला. वादनात आरडाओरडा नाही, डेल्टातला जोरकस ठोकाही नाही. शेजारचा गोरा फिडलवादक विली नार्मर याच्या शिफारशीवरून ओके या रेकॉर्ड कंपनीने १९२८ मध्ये त्याला आधी मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रणासाठी नेलं. तबकड्या फारशा खपल्या नाहीत, मंदी आली, तो शेतीवरच राहिला. १९६३ मध्ये ब्लूजप्रेमी टॉम हॉस्किन्सने त्याच्या ‘ॲव्हलॉन ब्लूज’ गाण्यातल्या गावाच्या नावावरून त्याला शोधलं, तेव्हा त्याच्याकडे स्वतःची गिटारसुद्धा नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात वाजवून तो एकदम प्रसिद्ध झाला आणि १९६६ च्या नोव्हेंबरात वारला.

ऐकायला सुरुवात त्या शेवटच्या तीन वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांपासून करा, त्यांत बास सुटा ऐकू येतो. १९२८ च्या तबकड्यांत हात जास्त चपळ आहे, पण खरखरीमुळे कोणती तार वाजली हे नवख्याला कळत नाही. एक गाणं निवडा आणि आधी त्यातला फक्त बास गिटारवर सोबत वाजवा.